मूळ टेप

गुलमंडीच्या मागच्या बोळात फारूखचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, शटर लावलेला कोनाडाच तो. पण रविवारी दुपारी ते शटर अर्धं खाली ओढून जी मंडळी आत दाटीवाटीनं बसायची, त्यांच्या लेखी देऊळ म्हणा, दर्गा म्हणा, सगळं तेच. आणि दैवत एकच, 'ग्रे फेरी' नावाचा विलायतेतला बँड. चार केसाळ गोरे, त्यातला एक घसा फाटेस्तोवर गाणारा आणि एक ढोल बडवणारा. औरंगाबादेत त्यांचं नाव ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, आणि तीही याच कोनाड्यात बसलेली.

या मंडळींचा नेम मोठा कडक. गाणं ऐकायचं ते माणसांसमोर वाजवलेलं. कंपनीनं बंद खोलीत चुका पुसून काढलेली रेकॉर्ड म्हणजे त्यांच्या मते पावडरचं दूध. त्यांच्यातला बन्सी दौलताबादच्या किल्ल्यावर गाईड होता. गोऱ्या पाहुण्यांना अंधारी नावाच्या भुयारातून वर नेऊन आणलं, की तो हळूच विचारायचा, 'साहेब, कार्यक्रमात चोरून भरलेली टेप आहे का एखादी?' अशा चौदा टेपा जमल्या होत्या. कोणत्या गावी गायकाला ठसका लागला, कोणत्या गावी ढोलवाल्याची काठी निसटली, सगळं तोंडपाठ. घरच्या पोरांच्या जन्मतारखा विचारल्या तर मात्र बायकोच्या तोंडाकडे बघायचे.

पंधरावी टेप त्यांची स्वतःची होती. ऐंशी साली हा बँड एका संध्याकाळपुरता मुंबईत आला, तेव्हा फारूख आणि त्याचा दोस्त मुंजाबा रात्रीच्या एस.टी.नं गेले आणि मैदानात उभं राहून कार्यक्रम भरून घेऊन आले. मुंजाबा देवगाव रंगारीच्या धनगराचा मुलगा, चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण खंडोबाच्या जत्रेत ढोल वाजवलेला गडी. ग्रे फेरीच्या ढोलवाल्यावर त्याचा भारी जीव. दारावर मशीन धरलं जाऊ नये म्हणून त्यानं ते आपल्या घोंगडीत गुंडाळलं आणि कार्यक्रमभर तसंच गुंडाळून ठेवलं. झालं काय, तर लोकरीनं वारा अडला, कानठळ्या बसवणारा घुमारा अडला, आणि टेप अशी उतरली की ऐकणाऱ्यानं गप्प बसावं. पुढं एका इंग्रज पाहुण्यानं ती ऐकली आणि विचारलं, माईकला कुठलं विलायती कव्हर लावलं होतं? बन्सीनं सांगितलं, मेंढराचं.

दुधात मिठाचा खडा एवढाच, की मुंजाबाला तोंड बंद ठेवणं जमलं नव्हतं. तीन ठिकाणी त्याचा आवाज टेपेत आला होता, अगदी माईकला चिकटून. पहिल्याच गाण्याआधी तो म्हणतो, "फारूख, चालू झालं का रं मशीन?" मधे एका गाण्यानंतर म्हणतो, "हा ढोलवाला तं आपल्याच गावचा वाटतुया!" आणि शेवटी सगळ्या ताकदीनिशी, "अजून एक वाजीव रं बाबा, अजून एक!" पहिली काही वर्षं फारूख त्यावरून त्याला शिव्या घालायचा. एवढी सोन्यासारखी टेप, आणि त्यात तू मेंढरं हाकल्यासारखा वरडतोस! मुंजाबा नुसता हसायचा.

मग त्र्याऐंशी साली मुंजाबा गेला. चाळीसगावहून येताना कन्नडच्या घाटात मोटारसायकल घसरली. त्या दिवसापासून टेपेत ती तीन ठिकाणं आली की कोनाड्यातली मंडळी माना खाली घालायची.

त्याची आई सखूबाई दर वर्षी त्याच्या तिथीच्या दुसऱ्या दिवशी एस.टी.नं शहरात यायची. कुणीतरी तिला सांगितलं होतं, तुझ्या लेकाचा आवाज फारूखच्या दुकानात आहे. घरात त्याचा कुणाच्या तरी लग्नातला एक फोटो होता, तोही चार माणसांच्या मागं अर्धा झाकलेला. आवाज म्हणाल तर जगात फक्त इथं. ती स्टुलावर बसायची, पदर कानामागं खोचायची आणि म्हणायची, "लाव बाबा." फारूख ती तीन ठिकाणं शोधून लावून द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. मग ती भाकरीचं फडकं सोडून त्याच्यासाठी आणलेला हुरडा नाहीतर बोरं काढून ठेवायची आणि निघून जायची. रडताना फारूखनं तिला कधी पाहिलं नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात विलायतेहून पत्र आलं. बन्सीनं ते तीनदा वाचून दाखवलं, कारण फारूखचा पहिल्या दोनदा विश्वासच बसला नाही. बँडच्या जुन्या कार्यक्रमांची एक मोठी रेकॉर्ड निघत होती, थेट बँडच्या परवानगीनं. त्या इंग्रज पाहुण्यानं तिकडं मुंबईच्या टेपेबद्दल सांगितलं होतं आणि ती त्यांना त्यात घ्यायची होती. नक्कल नको, मूळ टेप हवी. भरणाऱ्याचं नाव पाकिटावर छापलं जाणार होतं. आणि शेवटी, सहज लिहावं तसं एक वाक्य: माईकजवळ कुणीतरी बोलत राहतो, तेवढं मात्र दुर्दैव.

ते एक वाक्य फारूखच्या डोक्यात भुंग्यासारखं शिरलं.

"जशी हाय तशी पाठव," बन्सी म्हणाला. "त्यांच्याकडं मोठाली यंत्रं हायेत, काय ते बघतील."

"बघतील म्हंजे काय, कापतील आन् फेकतील," फारूख म्हणाला. "वो कौन है उनके लिए? मुंजाबाला गोऱ्यांच्या कात्रीखाली देऊ? कापायचाच असंल तं मी कापीन. सांभाळून कापीन."

"मग आधी एक नक्कल तरी काढ यार. अख्ख्या टेपेची."

हे ऐकताच फारूखच्या कपाळाला आठी पडली. नक्कल हा शब्द त्याच्यापुढं काढायचा नाही, हे बन्सीला ठाऊक असायला हवं होतं. एका टेपेवरून दुसरी केली की आवाज पातळ होतो, जीवच निघून जातो त्यातला, असं तो गेली आठ वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आला होता. मुंबईच्या टेपेची नक्कल त्यानं बन्सीलासुद्धा दिली नव्हती. आत कुठंतरी एक दुसरी गोष्टही होती, ती तो कबूल करणार नव्हता: ही टेप जगात एकाच माणसाकडं आहे, याची त्याला मोठी ऐट होती.

"सखूमावशीला नक्कल देऊ?" तो म्हणाला. "आईला? तिला असल देईन मी. मुंजाबा जिथं बोलला, ती पट्टीच काढून देईन. खुद्द तीच."

त्याला ते फार थोर वाटलं. खरं सांगायचं तर बन्सीलाही त्या क्षणी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड चांगला असताना फारूखनं कॅसेटीचे पाच स्क्रू सोडले. उलटी बाजू त्यानं मुळात कोरीच ठेवली होती, त्यामुळे कापायला अडचण नव्हती. दाढीचं नवं पातं, पातळ चिकटपट्टी, आणि हात असा की थरथर नाही. मुंजाबाचं बोलणं सुरू होतं तिथं एक काप, संपतं तिथं दुसरा. आगेमागे कुणी हसलेलं, कुणी शिट्टी मारलेली, कुणी ओरडलेलं, तेही तुकडे कापून त्यानं खाली टाकले. मावशीला आवाज कसा स्वच्छ मिळाला पाहिजे. मग मूळ टेप जोडून लावून पाहिली. गाणं संपतं, टाळ्या पडतात, पुढचं गाणं सुरू होतं. सांधा कुठं आहे हे त्याचं त्यालाच ओळखू येईना. इतकं नेटकं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. त्यानं दुकान झाडून घेतलं आणि पार्सल शिवायला घेतलं.

रजिस्टर पोस्टानं टेप गेली. मुंजाबाच्या तीन पट्ट्या त्यानं एका नव्या कॅसेटीत जोडून बसवल्या, मधे थोडी थोडी कोरी पट्टी सोडून, आणि कव्हरावर हिरव्या शाईनं मराठीत 'मुंजाबा' असं लिहिलं.

टेप गेल्यावर बाराव्या दिवशी सखूबाई आली. त्या वेळी बन्सीही दुकानात होता. स्टुलावर बसून तिनं नेहमीसारखा पदर कानामागं खोचला.

"मावशी, औंदा तुमच्यासाठी खास करून ठेवलंय," फारूख म्हणाला. "हे घरी न्यायचं. तुमचंच हाय. नक्कल नाय, असल हाय."

"माझ्यापाशी कुठलं रे मशीन?"

"ते बी मी देतो. दुरुस्त करून ठेवलंय एक. बटन कसं दाबायचं ते शिकवतो." आणि त्यानं कॅसेट लावली.

"फारूख, चालू झालं का रं मशीन?"

एवढं बोलून आवाज थांबला. कोऱ्या पट्टीची बारीक खरखर तेवढी राहिली. सखूबाई वाट पाहत होती. मग दुसरं वाक्य आलं, ढोलवाल्याचं. पुन्हा खरखर. मग तिसरं: "अजून एक वाजीव रं बाबा, अजून एक!" त्यानंतर काहीच नाही.

फारूख तिच्याकडे कौतुकाच्या आशेनं बघत होता. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना.

"बिघडलंय का?" तिनं विचारलं.

"नाय मावशी. उलट साफ झालंय. आता मधे कुनी नाय, निस्ता मुंजाबा."

"तेच म्हनतीया. मानसं कुठं गेली?"

"कुठली माणसं?"

"त्याच्याभवतीची. ढोलवाल्याचं बोलला की येक पोरगी हसायची न्हाय का, खुदकन? त्याच्या शेजारचीच आसंल. आन् अजून येक वाजीव म्हनला की त्याच्यामागून समदे वरडायचे. यानं म्हनायचं आन् येवढ्या मानसांनी त्याचं ऐकायचं." तिनं हातानं दाखवलं, केवढी माणसं ते. "लाव ना ते. पयलं व्हतं तसं."

फारूखला ती हसणारी पोरगी आठवेना. आठ वर्षं त्यानं ही टेप ऐकली होती, गायकाचा ठसका कुठं आहे आणि तार कुठं बेसूर झाली आहे हे तो झोपेत सांगू शकला असता. आणि तिचं हसणं त्यानं स्वतःच्या हातानं कापून केरात टाकलं होतं.

"ती टेप गेली मावशी," बन्सीच शेवटी म्हणाला. "लांब गेली. विलायतेला."

"मग येईल की माघारी."

"येईल," बन्सी म्हणाला. "पण आता त्यात मुंजाबा नाय."

सखूबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. तिनं मशीनकडं पाहिलं, मग फारूखकडं. फारूखला वाटलं, आता ही शिव्या देईल. दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"घाटात रातभर पडून व्हता महा मुंजाबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सकाळी दूधवाल्यानं बघितला. बराच येळ जीव व्हता म्हनत्यात. आन् जवळ चिटपाखरू नाय. मला कायम तेच दिसायचं बाबा. लेकराला हाक मारावी वाटली आसंल, कुनाला मारली आसंल? म्हनून येत व्हते मी तुझ्याकडं. बोलनं तं महा काय, मी कानात ठिवलंय त्याचं. हितं त्याच्याभवती मानसं असायची."

फारूखचे डोळे भरून आले. त्यानं चाचपडत मशीनचं बटन दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. विलायतेला तार करू, जोडून घेऊ, कसंही करू, असं काहीतरी तो बोलू लागला. पण त्याचा हा धंदा होता, आणि या धंद्यात टाकलेली पट्टी परत येत नाही हे त्याच्याइतकं शहरात कुणाला ठाऊक नव्हतं. अति तिथं माती म्हणतात. त्यानं ती माती स्वतःच्या हातानं इतकी सारखी करून ठेवली होती की सांधाही दिसू नये.

सखूबाईनं फडकं सोडून बोरं काढली आणि नेहमीच्या जागी, स्क्रूंच्या डबीजवळ ठेवली. मग उठता उठता पुन्हा बसली. काहीतरी सुचल्यासारखा तिचा चेहरा जरा उजळला.

"आसू दे," ती म्हणाली. "तू व्हतास की रे तिथं. संगंच उभा व्हतास त्याच्या. तू सांग. कशी व्हती ती पोरगी? आन् दुसऱ्या अंगाला कोन व्हतं? मानसं चांगली व्हती का? त्याच्यासंगं बोलत व्हती?"

फारूखनं आठवायचा प्रयत्न केला. मैदान, दिवे, घोंगडीच्या घडीत हात घालून धरलेलं मशीन. त्याच्या आत एक छोटी काच, काचेमागं आवाजाबरोबर हलणारा काटा. काटा लाल रेघेपलीकडं जाऊ नये. त्या संध्याकाळचं दुसरं काहीच त्याच्या डोळ्यांपुढं येईना. मुंजाबा हसला असेल, कुणाच्या खांद्यावर हात टाकला असेल, कुणाला तंबाखू दिली असेल.

"सांग ना रे," सखूबाई म्हणाली.

"मावशी, मी कुणाला बघितलंच नाय," फारूख म्हणाला. "मी समदा येळ मशीनचा काटा बघत व्हतो."