आठ रोजानं

"आजी, तुमचं नाव उद्याच्या यादीत आहे. आज नाही," खिडकीतली मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

द्वारकाबाईंनी खिडकीचा गज सोडला नाही. तामसीहून पहिल्या बसने त्या आदिलाबादच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात आल्या होत्या, सोबत मुलगा महिपत. मोतीबिंदू काढणारा डॉक्टर फक्त सोमवारी येई. मंगळवारी नुसते चष्म्याचे नंबर तपासत.

"मागल्या सोमवारी डाक्टरनंच सांगतलं, आठ रोजानं या म्हून. त्याच दिवशी मी फोनवर तसंच सांगतलं."

फोन माणसाने उचललाच नव्हता. दवाखान्याची नोंद आता एक एआय एजंट करत असे, गोड आवाजात मराठी बोलणारं यंत्र. त्याने तारीख वाचून दाखवली होती आणि द्वारकाबाई हो म्हणाल्या होत्या. त्यांना वार कळत, तारखा नाही.

"सोमवारनंतर आठ दिवस म्हणजे मंगळवारच ना, आजी?"

रांगेतून कोणी तरी पुटपुटलं की म्हातारीला आठसुद्धा मोजता येईना. चारपाच जण हसले. त्यांतले निदान तिघे तरी घरी आठ रोजच म्हणत असतील. पण रांग पुढे सरकणार असली की माणसाचं गणित एकदम शुद्ध होतं.

द्वारकाबाईंनी मुलाकडे पाहिलं. महिपत भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होता. अगदी शेवटच्या, मुंगीएवढ्या ओळीपर्यंत वाचत गेला.

"माहंच चुकलं असन," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

चुकलं कोणाचं, हे त्या रांगेत एकट्या महिपतला माहीत होतं.

महिपत सेहेचाळीस वर्षांचा. आधी कचेरीबाहेर टायपिंग करायचा, आता एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत बसून हैदराबादच्या कंपनीसाठी मराठी लिहितो. घरी तो 'आमी' म्हणतो. आदिलाबादच्या बसस्टँडवर उतरता उतरता त्याचं 'आम्ही' होतं. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये तो ह पुन्हा कुठे सांडतो, ते त्यालाही सांगता येणार नाही.

यंदा त्याच्याकडे आलं होतं तारखा शोधणाऱ्या एका साधनाचं माहितीपत्रक लिहायचं काम. ते वाचणारी माणसं नव्हती, एआय एजंट होते. बोलणाऱ्याने अमुक शब्द वापरला तर कॅलेंडरात किती दिवस पुढे जायचं, किती मागे, हे त्यांना उलगडून सांगायचं. 'परवा' पुढचा कधी आणि मागचा कधी, यावर महिपतने असं सुरेख पानभर लिहिलं की स्वतःच चार वेळा वाचलं. मग आला 'आठ दिवसांनी'. तिथे त्याने लिहिलं होतं: एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत, दोन्ही बाजार मोजून आठ. म्हणजे पुढच्या आठवड्यातला तोच वार.

मीटिंगमध्ये साहेब, संतोष, पडद्यावर हसला होता. "महिपतजी, तुमच्या गावात आठवडा आठ दिवसांचा असतो का?" बाकीचेही हसले. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने महिपत हसला. म्हणाला, खेड्यातल्या अडाणी लोकांचं बोलणं आहे, काढून टाकतो. आणि जागच्या जागी टाइप केलं: 'आठ दिवसांनी : दिलेल्या तारखेत आठ मिळवा.'

तेच साधन दवाखान्याने घेतलं, तेव्हा आईला फोन लावून देताना तोच म्हणाला होता, "बिनधास्त बोल माय, त्याले आपली भाषा कळते."

मंगळवारी त्याने ऑफिसात ती ओळ दुरुस्त करून घेतली. कारणाच्या रकान्यात 'स्थानिक वापर' लिहिलं. गुरुवारी दवाखान्याला फोन लावून 'आठ रोजानं' म्हणून पाहिलं. यंत्राने बरोबर तोच वार सांगितला. मग संध्याकाळी आईपुढे बसून सगळं ओकला. साहेबाचं हसणंही सांगितलं, स्वतःचं मात्र गाळलं.

द्वारकाबाई सुपात जवारी निवडत होत्या. खडे बाजूला काढत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग खिडकीपाशी काऊन नाई बोलला?"

महिपतने सांगितलं की आता नीट झालंय, आता आठ रोज म्हटलं तरी चालते.

"मले लोक हासून राह्यले होते, अन् तू भिंत वाचून राह्यला होता," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन पाखडायला उठल्या.

पुढच्या सोमवारी डॉक्टरने डोळा तपासला. साखर उतरू द्या, गोळ्या घ्या, आठ रोजानं या, मग ऑपरेशन, असं सांगितलं. बाहेर खिडकीशी पुन्हा रांग होती, पुन्हा तीच मुलगी. तिने मान वर न करता विचारलं, कधी बोलावलंय?

महिपत पुढे झाला. बोलायला त्याने तोंडही उघडलं होतं.

द्वारकाबाईंनी त्याला हाताने मागे सारलं. बाजारात वांगी विकताना गिऱ्हाइकांशी बोलून शिकलेल्या तेलुगूत त्या खिडकीत वाकून म्हणाल्या, "एडु रोजुलु."

सात दिवस. मुलीने बटणं दाबली, चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर पुढच्या सोमवारचीच तारीख होती. कोणी हसलं नाही.

महिपतने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. द्वारकाबाईंनी तिची चार पदरी घडी घातली, ती स्वतःच्या कनवटीला खोचली आणि बसस्टँडच्या दिशेने त्याच्या पुढे चालू लागल्या.