पाहुण्यांसमोरचा घास

ऑपरेशनला एकतीस दिवस झाले, त्या सकाळी कुंजलला पपई मिळाली. पिकलेली, साल-बिया काढून काट्याने कुस्करलेली, दोन चमचे. आधी मुगाचं घट्ट वरण, मग पपई, पाणी अर्ध्या तासानंतर. राजकोटच्या इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ शर्मिष्ठाबेननी तसं लिहून दिलं होतं आणि कुंजलच्या आईने, नयनाबेनने, तो कागद मोरबीच्या घरी फ्रिजवर चिकटवला होता. पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ. मग गाळलेलं. पाचव्या आठवड्यापासून मऊ शिजवून कुस्करलेला दुधी, भोपळा, गाजर. काकडी, कोबी, पालेभाजीचे देठ, शिरांच्या शेंगा यांचं तीन महिने नाव काढायचं नाही.

कुंजलने अर्धा चमचा तोंडात धरला आणि डोळे मिटले.

"मम्मी, पपई एवढी गोड असते?"

"बोलू नकोस, चाव. तीस वेळा."

"ती आपणच विरघळतेय गं, चावू काय?"

महिन्याभरात पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात कुणी हसलं.

सव्वीस वर्षांची कुंजल एका टाइल्सच्या कारखान्यात नक्षीकाम करायची. तिने काढलेल्या फरश्या कुठल्या कुठल्या देशांत गेल्या होत्या, पण तिचं स्वतःचं स्थळ मोरबीच्या वेशीबाहेर जात नव्हतं. वजन शहाण्णव किलो. वडील जयसुखभाई घड्याळांच्या कारखान्यात फोरमन, अब्रूदार माणूस. एकोणीस नकार पचवून ते वाकले होते. विसावं स्थळ रसीलाबेनच्या मौलिकचं. रसीलाबेन बैठकीतच म्हणाल्या होत्या, "मुलगी गुणी आहे हो, फक्त फोटोत मावत नाही. पस्तीस किलो उतरवा. आजकाल पोट लहान करायची ऑपरेशनं होतात. आणि आपल्या समाजात कुणाला कळता कामा नये. कळलं तर आमची सून कापलेल्या पोटाची म्हणतील."

हुंडा मागायची आता लोकांना लाज वाटते. मुलीच्या देहातून पस्तीस किलो मागायला कुणी लाजलं नाही. आणि जयसुखभाईंनी मान डोलावली.

सर्जनने कुंजलला एकटीला बसवून विचारलं होतं, "हे तू कुणासाठी करते आहेस?" ती म्हणाली, "माझ्यासाठी." ते खोटं तिने इतकं सफाईने सांगितलं, की डॉक्टरांनी सही केली.

पपईची वाटी संपायच्या आत रसीलाबेन दारात उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, सगाईचे गोळधाणे येत्या रविवारी! मौलिकचे काका नैरोबीहून आलेत, ते थांबायचे नाहीत."

"रविवारी?" नयनाबेन हबकली. "अहो, ती अजून कुस्करलेलंच खातेय. पाहुण्यांच्या ताटावर बसवलं तर..."

"बसेल की. चार घास खायचे, हसायचं. दोनशे माणसांत नवरी वाटीतलं बाळाचं खाणं घेऊन बसली, तर मी काय सांगू लोकांना? दात यायचेत म्हणून?"

"मासी," कुंजल म्हणाली, "डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय."

"डॉक्टर तुझं लग्न लावायला येणारेत का, बेटा?"

नयनाबेनने नवऱ्याकडे पाहिलं. जयसुखभाई पायात चप्पल अडकवून कामावर निघून गेले. त्या घरात त्या दिवशी 'नाही' म्हणणारं माणूसच नव्हतं.

रविवारी समाजाच्या वाडीत, लग्नकार्याच्या त्या सभागृहात, दोनशे पानं मांडली होती. थंडीतला पापडी-कंदांचा उंधियो, पुरी, जिलेबी, कचुंबर. गोळधाणे वाटून झाल्यावर बायकांनी कुंजलला गराडा घातला. रसीलाबेनने तिच्या ताटात उंधियोचा डाव रिकामा केला आणि पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा घास आला. तिसरा. वालपापडीच्या शिरा तिच्या दातांखाली येत होत्या. तीस वेळा चावायला तिला कुणी वेळ देत नव्हतं.

"मासी, बस," ती पुटपुटली.

"हास," रसीलाबेन कानाशी म्हणाल्या. "नैरोबीवाले बघतायत."

चौथ्या घासाला छातीच्या मधोमध जणू कुणी खुंटी ठोकली. तोंडाला पाणी सुटलं, मग फेस. ती न्हाणीघराकडे धावली. रसीलाबेन मागून आल्या, दाराला कडी घातली, पदराने तिचं तोंड पुसलं, वर लिपस्टिकही लावून दिली.

"चल बाहेर. फोटो राहिलेत."

फोटो झाले. त्या फोटोत कुंजल हसते आहे.

त्या संध्याकाळपासून तिच्या पोटात पाणीही ठरेना. नयनाबेन राजकोटला न्यायचं म्हणत होती. रसीलाबेनचा रोज फोन यायचा, "आत्ता नेलंत तर बभ्रा होईल. काका शनिवारी जातायत. ओवाअर्क द्या, उतरेल." जयसुखभाई म्हणायचे, "त्या मोठ्या घरच्या आहेत, त्यांना समजतं." सहाव्या दिवशी कुंजलला आई एकाच्या जागी दोन दिसायला लागल्या, आणि उठायला गेली ती जमिनीवर कोसळली. मग मात्र नयनाबेनने कुणाला विचारलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीत घालून तिने मुलीला राजकोटला नेलं.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पापडीच्या शिरांचा गुंता बाहेर काढला. उपासाने सुकलेल्या नसा वाचवायला जीवनसत्त्वाच्या सुया सुरू केल्या. "अजून दोन दिवस गेले असते तर..." ते म्हणाले. ती वाचली. डाव्या पायाची बोटं मात्र बधिर झाली, ती कायमची.

नवव्या दिवशी मौलिक भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "मम्मी म्हणते, लग्न वैशाखात ढकलू. तोवर आणखी दहा-बारा किलो सहज जातील. तसा या आजारपणात फायदाच झालाय."

 कुंजलने सगाईची अंगठी काढली. ती आता बोटातून आपणच निसटत होती.

"तुझ्या मम्मीला सांग, सगाई मी मोडली. आणि हेही सांग, की मी विसरणार नाही."

खाणं पुन्हा पाण्यापासून सुरू झालं. पाणी, मग ताक, मग गाळलेली डाळ. पुन्हा पपई, पण तिला चव लागली नाही. दुधी, गाजर, दोन महिन्यांनी मऊ शिजवलेली मेथीची पानं, चौथ्या महिन्यात सोललेल्या काकडीची पहिली चकती. प्रत्येक नव्या भाजीला ती आधी एकच घास घ्यायची आणि दिवसभर वाट पाहायची. वाट पाहणं ती त्या काळात शिकली, आणि ते तिला पुढे उपयोगी पडलं.

रसीलाबेनने मात्र समाजात वेगळीच कहाणी पसरवली. "मुलीच्या पोटात मोठा रोग होता. आम्हाला फसवलं. देवानेच वाचवलं बाई!" नयनाबेनला वाडीतल्या बायका टाळू लागल्या. जयसुखभाई म्हणाले, "जाऊ दे बेटा, आपण गप्प राहू."

"गप्प राहून तुम्ही मला सहा दिवस घरात मारत होतात, पप्पा."

ते त्यानंतर कित्येक दिवस तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत.

फाल्गुनात कळलं, की रसीलाबेन वांकानेरला मुलगी बघायला चालल्यात. मुलगी जाडसर, नोकरी करणारी, अनेकदा नाकारलेली. अशीच घरं त्या हेरायच्या, जिथे बापाची मान आधीच झुकलेली असते. कुंजलने इस्पितळाचे कागद पिशवीत घातले आणि एक दिवस आधी वांकानेर गाठलं. तिने कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. कागद पुढे ठेवले, पायातली चप्पल काढून बधिर बोटं दाखवली आणि सारं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रसीलाबेनना त्या घरी चहासुद्धा मिळाला नाही.

मग हळवद, जेतपूर, धोराजी. अडीच वर्षांत सात घरं. कुणी तिला हाकललं, कुणी रडलं, पण मुलगी एकानेही दिली नाही. घरी परतताना कुंजलच्या चेहऱ्यावर जे हसू असायचं, ते पाहून नयनाबेनला भीती वाटायची.

"आता पुरे कर गं. जळशील यात."

"मी जळून बाहेर आलेय, मम्मी. आता त्यांची पाळी."

एका दुपारी रसीलाबेन स्वतः आल्या. कुंजल जेवत होती. समोर छोटी थाळी: पनीर, मेथीची भाजी, काकडी. ती उठली नाही. एकेक घास तीस वेळा चावत राहिली. रसीलाबेन पाऊण तास समोर बसून होत्या, पदराचं टोक पिळत. थाळी संपल्यावर कुंजलने विचारलं, "बोला, मासी."

"माझ्या मुलाचं आयुष्य नासवलंस. आता सोड. हात जोडते."

"मौलिकने खुशाल लग्न करावं. वाडीत उभ्या राहा, दोनशे माणसांसमोर सांगा, की पोट कापायची अट तुम्ही घातली होती, घास तुम्ही कोंबला होता आणि इस्पितळात न्यायला तुम्ही अडवलं होतं. त्या दिवसापासून मी एकाही घरी जाणार नाही."

"माझी काही अब्रू आहे की नाही?"

"माझे सहा दिवस त्या अब्रूसाठीच गेले. अजून तीच जपायची असेल, तर मी आहेच."

रसीलाबेन तरातरा निघून गेल्या. जयसुखभाई दारात उभे होते. त्यांनी प्रथमच विहीणबाईंना पोचवायला पाऊल उचललं नाही.

आठवं घर जामनगरचं निघालं. निर्झरी नावाची तेवीस वर्षांची मुलगी, आणि टेबलावर ऑपरेशनचा कागद, तारीख आधीच ठरलेली, पुढचा मंगळवार. बापाने सुरुवातीलाच सांगितलं, "बेन, आमच्या मुलीचीच हौस आहे. तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा."

कुंजल निर्झरीकडे वळली. "ऑपरेशन वाईट नसतं. तुझ्या तब्येतीला हवं असेल, तू ठरवलं असशील, तर मी स्वतः तुझ्याबरोबर इस्पितळात येईन, पहिला चमचा कसा घ्यायचा ते शिकवीन. तू ठरवलंस का?"

मुलगी खाली मान घालून ओढणीची किनार चाचपत राहिली. मग तिने विचारलं, "रसीलामासी म्हणाल्या, आठव्या दिवशी सगळं खाता येतं. खरं आहे?"

 कुंजलने इस्पितळाचे कागद उलगडून तिच्या मांडीवर ठेवले.

निर्झरीने ते शेवटपर्यंत वाचले. वाचता वाचता तिचे कान लाल झाले. मग तिने फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"मासी, कुंजलबेन आमच्या घरी बसल्यात. तुम्ही या, आणि आठ दिवसांचं ते यांच्यासमोर बोला."

 पलीकडून फोन बंद झाला.

बापाने मंगळवारचा कागद टेबलावरून उचलला, दुमडला, पण फाडायचा त्याला धीर होईना. निर्झरीने तो त्याच्या हातातून घेतला आणि चार तुकडे केले.

नवव्या घरी कुंजल एकटी गेली नाही.