साडेपंधराची कॉलर

“मान वर कर, आनंदा. चोरी केल्यागत उभा राहू नगंस,” टेप त्याच्या गळ्याभोवती फिरवत मी म्हणालो. टेप काही जुन्या मापावर येईना. वहीत गेल्या जूनची कॉलर चौदा होती. यंदा साडेपंधरा भरली.

आनंदा पौडच्या शाळेचा शिपाई. त्याचा खाकी गणवेश दरवर्षी मीच शिवतो. पंचाहत्तर साली त्याचं डोकं फिरलं. पोरं हसली पाहिजेत म्हणून पठ्ठ्याने सलग तीन दिवस सकाळी दहालाच शाळा सुटल्याची घंटा दिली! पुढे इतका खचला, की बायकोने, चंद्रकलाने, त्याला धरणाच्या काठावरून ओढून आणला. पुण्याच्या डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या दिल्या आणि माणूस ताळ्यावर आला.

त्या गोष्टीला चार वर्षं झाली. यंदा मात्र तो फारच शांत होता. भर मे महिन्यात घोंगडी पांघरायचा. आवाज जाड झालेला. घंटा अशी द्यायचा, की दोन टोल्यांमध्ये माझं एक काज करून व्हायचं. गाव म्हणे, आनंदा शहाणा झाला. मीही म्हणत होतो. गाढवच मी.

“शहाना कसला, मामा?” चंद्रकला दारातून म्हणाली. तिच्या हातात गोळ्यांची बाटली होती. “ह्ये हसत न्हाईत का रडत न्हाईत. ह्या गोळ्यांनी माझा मानूस न्हेला. आजपास्नं बंद!”

“आन् पुन्यांदा धरनावर गेला मंग?” मी विचारलं.

ती बाटली मुठीत धरून पायरीवर बसली.

“भांडू नगा,” आनंदा जांभई देत म्हणाला. “मला झोप येतीया.”

मी वहीतलं त्याच्या मापाचं पानच फाडलं आणि तिच्या हातात दिलं. “डाक्टरला ह्ये दाव. वर्सात गळा दीड इंच वाढलाय म्हनावं. तवर एक गोळी चुकवू नगंस.”

डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. लिथियममुळेच गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी सुजली होती आणि सुस्तावली होती. पण ते बंद करायचं नव्हतं. सकाळी उपाशीपोटी आणखी एक बारीक गोळी घ्यायची होती, एवढंच.

दिवाळीनंतरची गोष्ट. चंद्रकला आनंदाच्या शर्टाची कॉलर आत घ्यायला माझ्याकडे आली होती. तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा वाजली. घणघणघण, दम न घेता, अगदी पूर्वीसारखी. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चंद्रकलाही तिकडेच बघत होती.

पाच वाजले होते. बरोबर पाच.

“येळंवरच हाय,” ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

मी आपलं काम पुढे ओढलं. पण सुईत दोरा काही केल्या जाईना.