माझ्यावरची दोनशे सहा नावं

मी एक जुना पांढरा फळा आहे. सहा फूट रुंद, चार फूट उंच आणि उजव्या कोपऱ्याला पोचा आलेला. अबू धाबीतल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत, याकूबभाईंच्या घरातल्या भिंतीवर मी असतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फळ्याला कसली आली जीवनकथा! लोक लिहितात, लोक पुसतात. पण माझ्यावर काय काय लिहिलं गेलं ते आठवलं की मी अजूनही थक्क होतो.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात, २००६ साली, पत्र्यावर पांढरा लेप चढवून मला घडवलं. तिथून मी थेट एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात गेलो. श्रीवर्धनचे याकूबभाई तिथे एस्टिमेटर होते. टेंडर भरण्याआधी काम कितीत पडेल ते काढायचं, हे त्यांचं काम. साहेब रोज ओरडायचा, ‘यल्ला, चलो, सब भरो! एक भी टेंडर छोडना नही!’ चाळीस मजले, साठ मजले, ऐंशी मजले! स्वतःच्याच अंगावरचं वाचून माझी छाती फुगायची.

मग २००८ची मंदी आली. नको तितकी कामं अंगावर घेतलेली ती कंपनी वर्षभरात बुडाली. खुर्च्या-टेबलं भंगारात निघाली. मला मात्र याकूबभाईंनी पिकअपमध्ये घालून घरी आणलं.

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडे रेसिडेन्सी म्हणजे इथे राहण्याचा परवाना. नोकरी गेली की तो रद्द होतो, आणि महिनाभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर बायकामुलांसह गाशा गुंडाळावा लागतो. याकूबभाईंनी माझ्यावर फक्त आठ कंपन्या लिहिल्या, सगळ्या नावाजलेल्या. वीस दिवस कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. मग त्यांनी मुसफ्फातली दिसेल ती पाटी माझ्यावर उतरवली. सत्ताविसाव्या दिवशी जिने आणि रेलिंग बनवणाऱ्या एका वर्कशॉपने त्यांना घेतलं. अर्ज करायचा तर सगळीकडे, अशी गाठ त्यांनी तेव्हाच मनाशी बांधली.

त्यानंतर गरज सरो, वैद्य मरो! पंधरा वर्षं मी कपाटामागे धूळ खात पडलो. मला फार वाईट वाटायचं.

मला बाहेर काढलं ते एमानने. याकूबभाईंची ही मुलगी मंदीच्या वेळी नऊ वर्षांची होती, आता डॉक्टर झाली होती. तिला अमेरिकेत रेसिडेन्सी करायची होती. म्हणजे इस्पितळात काम करत करत पुढचं शिकायचं. यालाही रेसिडेन्सीच म्हणतात, हे शेजारच्या नूरजहाँखालांना काय ठाऊक! त्या धावत आल्या. ‘एमानची रेसिडेन्सी अटकली म्हणे? टेन्शन नको घेऊ. माझा भाचा व्हिसाचे फॉर्म भरणाऱ्या टायपिंग सेंटरला आहे, दोन दिवसांत खलास करून देईल!’ सगळे हसले. याकूबभाई तेवढे हसले नाहीत.

एमानने दोन दिवस खपून माझ्यावर दोनशे सहा इस्पितळांची नावं बारीक अक्षरात लिहिली. कुठली कुठली गावं ती! बर्फाची, मक्याच्या शेतांची, समुद्राकाठची. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आजारी असणार आणि कुणीतरी त्याच्या उशाशी उभं असणार. एवढं मोठं जग माझ्या सहा फुटांत मावलं, याचं मला केवढं नवल वाटलं!

पण अर्ज किती ठिकाणी करायचे? थोडे केले आणि बोलावणंच आलं नाही, तर वर्ष वाया. सगळीकडे केले, तर प्रत्येक अर्जामागे फी वाढणार, आणि एकाही ठिकाणाबद्दल मनापासून लिहून होणार नाही.

‘सगळीकडे भर. एक पण सोडू नकोस,’ याकूबभाई म्हणाले.

‘अब्बा, आय कान्ट! दोनशे जणांना कसं लिहू की तुमचंच हॉस्पिटल मला हवंय? त्यांना लगेच कळेल!’

‘आणि कोणीच बोलावलं नाही तर?’

एमानची आई सायरा तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘तुमच्या कंपनीने पण सगळी टेंडरं भरली होती ना? कुठे आहे ती कंपनी आता?’

याकूबभाई उठून माझ्यासमोर आले आणि नावं मोजू लागले.

रविवारी सकाळी याकूबभाईंनी माझ्यासमोर खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि हातात डस्टर घेतला. प्रत्येक नावाला ते एमानला तीन प्रश्न विचारू लागले. व्हिसा देतात का? बाहेर शिकलेली मुलं आधी घेतलीत का? आणि बोलावलं तर तू जाशील का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं की ते नाव पुसायचं. ऐंशी मजल्यांचे आकडे पाहूनही मी असा भारावलो नव्हतो. दोन दिवसांची मेहनत बापलेक मिळून पुसत होते आणि दोघांचेही चेहरे हलके होत होते!

मग अगदी उत्तरेकडच्या एका गावाचं नाव आलं. तिथे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो.

‘व्हिसा?’

‘यस.’

‘बाहेरची मुलं?’

‘यस.’

‘जाशील?’

‘जाईन,’ एमान म्हणाली. ‘पण अब्बा, तुम्ही पाठवाल?’

डस्टर माझ्यापासून बोटभर अंतरावर थांबला. हे घर एकत्र राहावं म्हणून हाच माणूस भर उन्हात मुसफ्फाभर हिंडला होता. माझा तर जीवच टांगणीला लागला.

‘रोज फोन करशील?’ त्यांनी विचारलं.

‘प्रॉमिस.’

याकूबभाईंनी डस्टर खाली ठेवला, पेन घेतलं आणि ते नाव पुन्हा ठळक गिरवलं.

शेवटी एकाहत्तर नावं उरली. त्यांतल्या सहा ठिकाणांनी स्क्रीनवर मुलाखती घेतल्या आणि मार्चमध्ये एका ठिकाणी एमानची निवड झाली. ते उत्तरेकडचं गाव नव्हतं, नदीकाठचं दुसरंच होतं. विमानतळावर सायरा रडली. याकूबभाईंनी मात्र लेकीची बॅग स्वतः ट्रॉलीवर चढवली आणि म्हणाले, ‘यल्ला, उशीर होईल.’ घरी आल्यावर ते फोन हातात घेऊन माझ्यासमोर बसले.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसत जा, कपाटामागे टाकू नका. माझ्यासाठी एवढंच. पण तुमच्या घरात कुणी मोठ्या यादीसमोर एकटं उभं असेल, तर दारातूनच ‘सगळीकडे भर’ म्हणून निघून जाऊ नका. शेजारी बसा आणि ‘जाशील का?’ असं विचारा. ‘जाईन’ हे उत्तर ऐकायला फार धीर लागतो, तो आधी गोळा करून ठेवा.