हाताची घडी, तोंडावर बोट

लेकीला पहिलीपासून साध्या शाळेत, चारचौघांच्या मुलांत बसवलं. "काही त्रास नाही हो तिचा," बाई कौतुकाने सांगायच्या. पण तिला अक्षर ओळखता येईना, म्हणून शेवटी विशेष मुलांच्या शाळेत नेलं.

तिथल्या बाईंनी तिच्यापुढे रंगीत ठोकळे मांडले. लेकीने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि ढिम्म बसून राहिली.

"किती शहाणी! हिला साध्या शाळेतच राहू द्या. आमच्याकडे जागा थोड्या, ज्यांना कुठलीच शाळा सांभाळत नाही त्यांनाच घेतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, शहाणी कसली? एवढंच शिकवलंय तिला!"

घरी जेवायला वाढलं, तर लेक ताटासमोरही तशीच बसली.

"अगं, जेव ना!" मी खेकसले.

तिने बोट आणखी घट्ट दाबलं.