उन्हात लावायची गाडी

रायपुरात ऐन एप्रिलमध्ये कोणी मुद्दाम गाडी उन्हात उभी केली, की लोक आधी त्याच्याकडे काळजीने बघतात आणि मग त्याच्या बायकोकडे कीव करून बघतात. विनायकरावांनी हे दोन्ही महिनाभर सोसलं. त्यांच्या जुन्या ओम्नीच्या टपावर सोलर पॅनल होतं, आणि पॅनलला सावली चालत नाही एवढी साधी गोष्ट बूढापारा मोहल्ल्यातल्या एकाही भल्या माणसाच्या गळी उतरत नव्हती.

विनायकराव रेल्वेतून निवृत्त झालेले. उभी हयात डब्यांतले दिवे, पंखे आणि डब्यांच्या पोटाखाली टांगलेल्या बॅटऱ्या यांच्यात गेली. घरी बसल्यावर एकच हौस उरली होती. गाडीतच बिछाना, गाडीतच चहा, आणि रमाबाईंना घेऊन कुठल्या तरी धरणाकाठी मुक्काम. पण रमाबाई चार वर्षांत गावाबाहेर पडल्या नव्हत्या. कुठंही जायचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "माझं इन्सुलिन गरम होते. मले नाही जमत." बोलणं तिथंच संपायचं.

दुसरा कोणी असता तर त्यानं नाद सोडला असता. विनायकरावांना मात्र बिघाड सापडल्याचा आनंद झाला. बिघाड सापडला म्हणजे दुरुस्ती आलीच. त्यांनी ओम्नीची मागची सीट काढून फळ्यांचा पलंग ठोकला. टपावर पॅनल बसवलं, पलंगाखाली बॅटरी ठेवली, मध्ये चार्ज कंट्रोलर नावाची डबी लावली आणि या सगळ्यावर चालणारा एक छोटा फ्रिज आणला. फ्रिजला एक हिरवा दिवा होता. तो लागला त्या दिवशी विनायकराव जेवताना दोनदा उठून बघून आले.

रमाबाईंनी फ्रिज उघडला, आत हात घातला, पुन्हा बंद केला.

"एक रात्र येऊन पाहते," त्या म्हणाल्या. "पण हा बंद पडला तर गाडी विकायची. आन् मले पुन्हा कुठं चल म्हणायचं नाही. मंजूर?"

"मंजूर," विनायकराव म्हणाले. धास्ती वाटली होती, पण आवाज रेल्वेचा होता, त्यामुळे कळली नाही.

आता अडचण उरली ती उन्हाची. त्यांच्या गल्लीत ऊन नावापुरतंच यायचं. म्हणून ते गाडी तलावाकाठी उघड्यावर नेऊन लावू लागले, तर शेजारचे दत्तोपंत ती ढकलून कडुलिंबाखाली नेऊन ठेवू लागले. विनायकरावांनी हँडब्रेक ओढून ठेवला, तेव्हा दत्तोपंतांनी स्वतःच्या गाडीचं कव्हर आणून ओम्नीवर घातलं, चारी बाजूंनी दोऱ्या बांधून.

"रंग उडून राहिला होता भाऊ तुमच्या गाडीचा," ते म्हणाले.

"दत्तोपंत, ती ऊन खाते. तिचं जेवण आहे ते."

"हव," दत्तोपंत मान डोलावून म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कव्हर घालून गेले. वाईट माणसाशी भांडता येतं. अशा माणसापुढे हात टेकावे लागतात.

शेवटी विनायकराव रोज गाडी घेऊन नव्या रायपुरात जाऊ लागले. नवी राजधानी तशी ऐसपैस. रस्ते रुंद, माणसं विरळ, आणि दुतर्फा लावलेली झाडं अजून कमरेएवढी. सावली औषधालाही नाही. तिथं ते फडक्यानं पॅनलवरची सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ पुसायचे आणि डोक्यावर ओला पंचा टाकून बसायचे. राज्य वेगळं होऊन राजधानी झाल्याचा एवढा रोकडा फायदा दुसऱ्या कोणी घेतला असेल असं वाटत नाही.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी खात्री करायला म्हणून फ्रिज रात्रभर चालवून पाहिला. चालला. सकाळी बॅटरी निम्म्याच्या खाली आली होती, पण दिवसभराच्या उन्हात ती भरून निघणार होती. गाडीच्या इंजिनावर बॅटरी चार्ज करायची सोय त्यांनी मुद्दामच ठेवली नव्हती. सोलर म्हणजे सोलर, त्यात इंजिनाची उसनवारी नको, असं त्यांचं मत होतं. रमाबाईंनी गोल बाजारातून आणलेलं एक बुटकं मडकं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, गाडीत पायाशी ठेवलं.

"बाटल्या आहेत ना फ्रिजमध्ये. हे ओझं काहून?"

"असू द्या," रमाबाई म्हणाल्या.

गंगरेलच्या धरणावर पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पाण्यापासून जरा वर मोहाचं मोठं झाड होतं. विनायकरावांनी त्याखाली गाडी लावली, खुर्च्या काढल्या आणि चहा ठेवला.

रमाबाई पाण्याकडे बघत होत्या. "मी वैनगंगेत पोहायची," त्या म्हणाल्या.

"तू?"

"भंडाऱ्याले होतो तेव्हा. या काठावरून त्या काठाले. आईनं फ्रॉक लपवून ठेवला तरी जायची."

विनायकरावांनी कप खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आपल्या बायकोला पोहता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, आणि रमाबाई सांगत गेल्या. भोवऱ्यात सापडलेली मैत्रीण, घाटावरचा लंगडा कुत्रा, मारकुटी मावशी. मावशीची नक्कल करताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. दुपारी दोघांनी डब्यातली झुणका-भाकर खाल्ली आणि रमाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून आल्या. विनायकरावांना फार बरं वाटत होतं. एरवी दर दहा मिनिटांनी कंट्रोलर बघणारा हा माणूस त्या दिवशी एकदाही उठला नाही.

ऊन कलल्यावर ते चहाचं दूध काढायला गाडीपाशी गेले. फ्रिजचा हिरवा दिवा विझला होता.

त्यांनी कंट्रोलर पाहिला, फ्यूज पाहिला, वायर हलवून पाहिली. सगळं ठीक होतं. मग त्यांनी वर पाहिलं. टपावर मोहाची गार, दाट सावली पसरली होती. महिनाभर अख्ख्या मोहल्ल्याला शिकवलं, आणि शेवटी गाडी लावायची वेळ आली तेव्हा हात रायपूरचेच निघाले.

त्यांची पाचावर धारण बसली. फ्रिज उघडला. आत दूध होतं, दोन बाटल्या होत्या आणि दह्याचा डबा होता. इन्सुलिन नव्हतं.

"रमा," त्यांनी हाक मारली. "फ्रिज बंद पडला. चूक माझी आहे. आन् तुझं औषध सापडून नाही राहिलं."

रमाबाईंनी पायाशी ठेवलेल्या मडक्याचं झाकण काढलं. आत पाणी नव्हतं. वाळू होती, ओली, आणि वाळूत रुतवलेल्या डब्यात इन्सुलिन. विनायकरावांनी हात लावून पाहिला. चांगलं गार होतं.

"हे कधीपासून?"

"पहिलेपासून. घरी लाईट गेली की यातच ठेवते."

"मंग चार वर्षं नाही काहून म्हणत होती?"

रमाबाईंनी झाकण नीट बसवलं. "चला म्हटलं की तुमी कुठं न्यायचे? बिलासपूरले, यशवंतरावांकडे. भाऊ तुमचा, चांगला आहे. पण तिथं तुमी पंखे दुरुस्त करत बसता आन् मी वीस माणसांच्या पोळ्या लाटते. इन्सुलिन म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही."

विनायकराव खुर्चीत बसले. पॅनल, बॅटरी, कंट्रोलर, फ्रिज, महिनाभराचं ऊन. एवढी चोख दुरुस्ती आणि बिघाड भलतीकडेच. त्यांना रागही आला आणि लाजही वाटली. लाज जास्त होती, कारण तिला कुठं जायचंय हे त्यांनी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"पहिलेच सांगितलं असतं तर?"

"तर तुमी यशवंतरावांच्या घरावर पॅनल लावून दिलं असतं."

समोर पाणी तांबूस होत चाललं होतं. विनायकरावांनी गाडीकडे पाहिलं.

"शर्त तू जिंकली. गाडी विकून टाकतो."

रमाबाई उठल्या, फ्रिजमधून दह्याचा डबा काढला, वास घेतला आणि मडक्यात इन्सुलिनशेजारी जागा करून ठेवून दिला.

"सकाळी उठल्याबरोबर गाडी उन्हात लावा," त्या म्हणाल्या. "मडक्यात इतकं सगळं नाही मावत. परवापर्यंत टिकलं पाहिजे."

बेत एकाच रात्रीचा होता. विनायकरावांनी परवाचं काही विचारलं नाही. ते उठले, आणि सकाळी ऊन पहिल्यांदा कुठं पडेल ते बघायला लागले.