भरलेली बाटली

मी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. अंगठ्याएवढी उंची, डोक्यावर पांढरं टोपण. कारखान्यात हजारो बहिणींबरोबर जन्मले, पण तिथलं फारसं आठवत नाही. आठवतात ते सुतारकाका.

काकांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं कमी होत जाते. दुखत मात्र काहीच नाही. करवतीजवळ आलेलं स्वतःच्याच डाव्या हाताचं बोट त्यांना दिसलं नाही, तेव्हा कुठे हे कळलं. त्यानंतर आम्ही बाटल्या एकामागून एक त्यांच्या घरी येऊ लागलो. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक, दोन्ही डोळ्यांत. थेंब घालताना माणसं तोंड का उघडतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. काकांचा नेम चुकला की काकू म्हणायच्या, "अहो, काचबिंदू गालाला झालाय का? द्या इकडे."

मला उघडून चारच दिवस झाले होते. काका डोळ्यातला दाब उतरवणाऱ्या लेझरसाठी दवाखान्यात गेले. काकू बाहेर बाकावर बसल्या. मी काकांच्या खिशातून आत गेले. डॉक्टरबाईंनी मला हातात घेतलं.

"आज उजवा डोळा. डावा सहा आठवड्यांनी. तोवर हे थेंब दोन्ही डोळ्यांत चालूच ठेवायचे."

काकांनी मान हलवली, पण लक्ष सगळं त्या यंत्राकडे. हनुवटी टेकवली, हिरवा उजेड चमचमला, झालं.

संध्याकाळी काकूंनी हात पुढे केला. "द्या ती बाटली."

"आता कशाला? लेझर झालं ना."

"दोन्ही डोळ्यांचं?"

"अगं, डोळ्यांचं म्हणजे डोळ्यांचं. तू बाहेर होतीस, मी आत होतो."

मीही आतच होते, पण सांगणार कशी? त्यांनी मला खिळ्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथे पडल्या पडल्या माझाच गोंधळ उडाला. बाई 'चालू ठेवा' म्हणाल्या की 'बंद करा'? काका इतक्या खात्रीनं बोलले की मला माझ्याच कानांचा भरवसा वाटेना. आणि मला कान तरी कुठे आहेत?

सहा आठवड्यांनी काकूंनी मला शोधून पिशवीत घातलं. दवाखान्यात दाब मोजला, तो एकवीसच्या आत हवा. उजव्याचा पंधरा, डाव्याचा एकतीस. डॉक्टरबाईंनी मला कानाशी धरून हलवलं.

"ही तर भरलेली आहे."

काका हळूच म्हणाले, "दुखत नव्हतं ना."

उघडून महिना उलटला की आमचं औषध वापरत नाहीत. मी आता कुणाच्या कामाची नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला बाजूला ठेवू नका, एवढंच मागणं.

आत्ता मी काकूंच्या मांडीवरच्या पिशवीत आहे. डाव्या डोळ्याची नजर किती उरली, ते तपासणं चाललंय. काकांनी समोर बघत राहायचं, कडेला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला फक्त बटणाचा आवाज येतो.

टिक. टिक.

मग बराच वेळ काहीच नाही. ठिपका लागलाच नसेल, की लागूनही काकांना दिसला नसेल? काकूंनी पिशवी घट्ट धरलीय. मला काही कळत नाही.

टिक.

पुन्हा काहीच नाही.